खांदेरी, १६७९ : दीडशे माणसं आणि एक बेट

१६७८ च्या पावसाळ्यात मराठ्यांची चार हजारांची फौज पनवेलला येऊन थांबली होती. सोबत आरमाराचा सरदार दौलतखान होता. खाडीपलीकडे, मुंबई बेटावरच्या माझगाव बंदरात, जंजिऱ्याच्या सिद्दीचं आरमार नांगर टाकून पडलं होतं आणि ते जाळून टाकायचं, एवढाच बेत होता. पण एवढ्या फौजेला पाणी ओलांडायला होड्या मिळेनात आणि पोर्तुगीजांनी आपल्या मुलखातून वाट दिली नाही. शत्रू डोळ्यांसमोर दिसत असताना फौज माघारी वळली.

पुढच्या वर्षी खांदेरीवर जे घडलं त्याचं मूळ या माघारीत आहे, असं मला वाटतं. सिद्दी हा मोगलांचा आरमारी सरदार. पावसाळ्यात समुद्र खवळला की त्याची जहाजं मुंबईत आसऱ्याला येत. पाऊस सरला की तिथूनच सुटून मराठी मुलखाच्या खाड्यांत शिरत, किनाऱ्यावरची गावं जाळत, माणसं धरून नेत. मुंबई १६६८ पासून ईस्ट इंडिया कंपनीकडे होती आणि कंपनीची पंचाईत मोठी होती. सिद्दीला आसरा नाकारला तर सुरतेत मोगल तिचा व्यापार बंद पाडणार, आसरा दिला तर शिवाजी महाराजांशी वैर येणार. कंपनीनं बहुतेक वेळा व्यापाराच्या बाजूनं कौल दिला. माझगावात जाऊन सिद्दीला गाठता येत नाही, हे १६७८ मध्ये पुरतं कळून चुकलं. मग उरला एकच उपाय. मुंबईच्या बंदरातून जे जहाज बाहेर पडेल आणि जे आत येईल, ते आपल्या नजरेखालून गेलं पाहिजे.

ती नजर ठेवायची जागा महाराजांनी आधीच हेरलेली होती. मुंबईच्या दक्षिणेला, आजच्या अलिबाग तालुक्यातल्या थळ गावासमोर समुद्रात दोन बेटं आहेत. किनाऱ्याजवळचं, सखल आणि लहान ते उंदेरी. त्याच्या पलीकडे, खुल्या समुद्राच्या बाजूला, दोन टेकड्यांचं आणि आकारानं मोठं ते खांदेरी. १६७२ मध्येच महाराजांनी खांदेरीवर बांधकाम सुरू करायचा प्रयत्न केला होता. इंग्रज आणि सिद्दी दोघांचीही जहाजं तेव्हा आडवी आली आणि काम सोडून द्यावं लागलं. महाराज सात वर्षं थांबले, पण ती जागा त्यांच्या मनातून गेली नाही.

१६७९ च्या ऑगस्टअखेर महाराजांच्या हुकमानं मायनाक भंडारी दीडशे माणसं आणि चार लहान तोफा घेऊन खांदेरीवर उतरले. वेळ मुद्दाम निवडलेली दिसते. पाऊस पुरता गेलेला नव्हता. दर्याला उधाण होतं. मोठी गलबतं बंदरात शाकारून ठेवलेली असतात असे ते दिवस. लहान होड्यांवर पोसलेली, खडक न् खडक ओळखणारी माणसंच त्या दिवसांत बेट गाठू शकत होती. इंग्रजांना बातमी लागेपर्यंत बेटावर माती-दगडाचा बांध उभा राहू लागला होता.

तो दगडमातीचा बांध मला, पूर्व विदर्भातल्या माणसाला, जवळचा वाटतो. आम्ही गोंदिया जिल्ह्यातली माणसं पाण्याच्या काठानंच वाढतो, पण आमचं पाणी बांधून अडवलेलं असतं. अर्जुनी मोरगाव तालुक्यातला नवेगावबांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, अशी परंपरा आहे. डोंगरांच्या मधल्या खिंडी दगडमातीनं बुजवून त्यांनी एवढा मोठा जलाशय उभा केला की त्याच्या पोटात मालडोंगरी नावाचं बेटही आहे. तिथल्या धिवरांचा डोंगा आमच्या डोळ्यांना लहानपणापासून ओळखीचा. १६७९ मध्ये आमचा मुलूख गोंड राजांचा होता. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इकडे यायला अजून साठ-पासष्ट वर्षं होती. म्हणजे खांदेरीच्या लढाईशी आमच्या पूर्वजांचा थेट संबंध काही नाही. तरीही पाळ बांधणाऱ्याला ठाऊक असतं की पाण्याच्या काठी काम करताना सगळ्यांत आधी काय उभं करायचं असतं. भिंत नंतर. आधी आडोसा, पिण्याच्या पाण्याची सोय आणि पुढचा शिधा येण्याची वाट. मायनाक भंडारींनी नेमकं हेच केलं.

सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात मुंबईहून इंग्रजांची तीन शिबाडं, म्हणजे शिडाची गलबतं, आली. त्यांच्यावर एन्साइन ह्यूजेस होता. हे बेट मुंबईचं आहे, तुम्ही निघून जा, असा निरोप त्यानं पाठवला. आपल्या धन्याचा हुकूम झाल्याखेरीज बेट सोडणार नाही, असं उत्तर मायनाक भंडारींकडून गेलं. मुंबई-सुरतेच्या वखारींमधला त्या महिन्यांचा पत्रव्यवहार सुदैवानं जपला गेला आहे. १९३१ मध्ये पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयानं इंग्रजी कागदपत्रं छापून प्रसिद्ध केली, तेव्हापासून तो सगळ्यांना वाचायला मोकळा आहे. आपल्या बाजूचे कागद मात्र फारच थोडे उरले. त्यामुळे खांदेरीची हकीगत आपण बहुतांशी शत्रूच्या लेखणीतून वाचतो. त्या लेखणीत मराठ्यांविषयी राग ओतप्रोत आहे, आणि म्हणूनच तिच्यातून नाइलाजानं निघालेली कबुली मला अधिक मोलाची वाटते. तारखाही त्या कागदांतल्याच आहेत. इंग्रज तेव्हा जुनं पंचांग वापरत, म्हणून त्या आजच्या तारखांपेक्षा दहा दिवस मागे पडतात.

ह्यूजेसच्या शिबाडांनी बेटाला वेढा घालून रसद तोडायची होती. पण वादळी हवेनं त्यांनाच बेटाजवळ टिकू दिलं नाही. मग रिव्हेंज हे लढाऊ जहाज घेऊन कॅप्टन विल्यम मिन्चिन आला. पाठोपाठ कॅप्टन रिचर्ड केग्विन आला. हा अनुभवी, धीट दर्यावर्दी होता, याविषयी शंका नाही.

१९ सप्टेंबरला लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प आपलं शिबाड घेऊन बेटाच्या अगदी अंगाशी भिडला. खांदेरीच्या दोन टेकड्यांमध्ये एक खोलगट जागा आहे आणि होडी लागते ती तिथेच. बाकी सगळीकडे काळे, धारदार खडक. बेटावर उतरायचं तर त्या एकाच तोंडातून, आणि ते तोंड मायनाकांच्या माणसांनी दोन्ही बाजूंनी राखलेलं. वरून गोळ्यांचा आणि दगडांचा मारा झाला. थॉर्प मारला गेला. त्याच्यासोबत जॉन ब्रॅडबरी आणि हेन्री वेल्च हेही पडले. बाकीचे काही कैद झाले आणि त्यांची रवानगी अलिबागमागच्या सागरगडावर झाली. इंग्रजांच्या मेलेल्या शिपायांचीसुद्धा नावं आपल्याला मिळतात. खांदेरीवरच्या दीडशे जणांपैकी एक मायनाक भंडारी सोडले तर कोणाचंही नाव सापडत नाही.

या नसलेल्या नावांसाठीच मी खांदेरीला गेलो, असं म्हटलं तरी चालेल. गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेसनं मुंबई, तिथून गेटवेवरून बोटीनं मांडवा, मग रस्त्यानं थळ. हजाराच्या आसपास किलोमीटरचा हा प्रवास. थळच्या किनाऱ्यावर एका बाजूला खत कारखान्याच्या चिमण्या दिसतात, दुसऱ्या बाजूला मासळी सुकत घातलेली असते. मधल्या चिखलातून चालत जाऊन होडीत चढावं लागतं. ओहोटी असेल तर होडी लांब उभी असते, भरतीची वाट पाहायची किंवा गुडघाभर पाण्यात उतरायचं.

होडी आधी उंदेरीच्या बाजूनं जाते. उंदेरीची तटबंदी जवळून पाहिली तर ती पाण्याच्या अगदी कडेशी उभी आहे, लाटा थेट पायथ्यावर आपटतात. तिथून पुढे पाण्याचा नूर बदलतो. नवेगावबांधच्या पाण्यात वारा सुटला तरी लाट एकाच बाजूनं येते. इथे दोन बेटांच्या मधल्या पाण्यात ओढ एकीकडे, वारा दुसरीकडे आणि खालून खडक. आमच्या नाखव्यानं मशीन कमी करून एक मोठं वळण घेतलं. विचारलं तर म्हणाला, इथे पाण्याखाली खडक आहेत, भरतीला दिसत नाहीत. त्याला कुठलाही नकाशा लागत नव्हता. १६७९ मध्ये अंधाऱ्या रात्री, दिव्याशिवाय, धान्याच्या गोण्यांनी भरलेली होडी याच पाण्यातून वल्हवत नेणारी माणसं त्याच्याच गावातली, नाहीतर शेजारच्या गावातली असणार. कोळी आणि भंडारी, दोन्ही. ही गोष्ट पुस्तकात वाचून कळत नाही. त्या पाण्यावर गेल्यावरच तिचं वजन कळतं.

खांदेरीवर पाय ठेवला की धक्क्याजवळच वेताळाचं देऊळ आहे. कोळी समाज या वेताळाला फार मानतो. पुढे तटावरून चालत गेलं तर बुरूज लागतात आणि त्यांवर तोफा. काही तोफा लोखंडी चाकांच्या गाड्यांसकट अजून उभ्या आहेत. गाड्यासकट तोफ महाराष्ट्रातल्या किल्ल्यांवर फार थोड्या ठिकाणी उरली आहे. त्या तोफा आणि आज दिसणारं बरंचसं बांधकाम १६७९ नंतरच्या काळातलं, हे लक्षात ठेवलं पाहिजे. मायनाकांच्या वेळी इथे होता तो कमरेइतका, छातीइतका बांध. एका ठिकाणी एक मोठा खडक आहे, त्यावर दगड मारला की धातूचा घुमणारा आवाज येतो. पोरंटोरं तिथून हलत नाहीत. मी मात्र टेकडीवर, दीपगृहाच्या बाजूला, बराच वेळ उभा राहिलो. उत्तरेला मुंबईकडे जाणारी मालवाहू जहाजं एकामागून एक जात होती. बंदराचं तोंड तिथून अगदी उघडं दिसतं. महाराजांनी ही जागा का सोडली नाही, याचं उत्तर शोधायला त्या टेकडीपलीकडे कुठे जावं लागत नाही.

१८ ऑक्टोबर १६७९ च्या पहाटे दौलतखान चौलच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावरून बाहेर पडला. त्याच्याजवळ साठांच्या आसपास गलबतं होती. इंग्रजांची आठ जहाजं खांदेरीजवळ नांगरून होती : रिव्हेंज, दोन गुराबा (शिडाची लढाऊ जहाजं), तीन शिबाडं आणि दोन मचवे. त्यांवर दोनशे गोरे शिपाई होते, खलाशी वेगळे. मराठी गलबतं नाळेवरच्या तोफा डागत, वल्ह्यांच्या जोरावर एवढ्या वेगानं आली की इंग्रजांना नांगर उचलायलाही नीट सवड मिळाली नाही. अर्ध्या तासाच्या आत डव्ह नावाची गुराब मराठ्यांच्या हाती पडली. तिच्यावरचा सार्जंट मॉलेव्हरर आणि त्याचे शिपाई यांनी निशाण उतरवलं. दुसरी गुराब लांबच राहिली. पाचही लहान जहाजं पळाली. रिव्हेंज एकटं पडलं.

आणि तरीही त्या दिवशीची समोरासमोरची लढाई इंग्रजांनी जिंकली. हे सांगताना आपल्याला संकोच वाटायचं कारण नाही. मिन्चिन आणि केग्विन यांनी रिव्हेंजवरून असा तोफखाना चालवला की पाच गलबतं बुडाली आणि बाकीचं आरमार नागोठण्याच्या खाडीकडे मागे सरलं. दोन दिवसांनी ते पुन्हा बाहेर आलं आणि इंग्रज चालून येताच पुन्हा आत गेलं. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी या लढाईवरून असा निष्कर्ष काढला की उघड्या, हलक्या गलबतांचा तांडा एका भक्कम युद्धनौकेपुढे टिकत नाही. तोफेला तोफ असा हिशेब केला तर सरकारांचं म्हणणं बरोबर आहे. पण दौलतखान तिथे रिव्हेंज बुडवायला आला होता की खांदेरीवर माणसं आणि धान्य पोचवायला, हा प्रश्न त्या हिशेबात येत नाही, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

कारण लढाईनंतर काय झालं ते पाहा. वेढा कायम होता. रिव्हेंज समुद्रात उभं होतं. आणि रात्री वारा पडला की मराठी होड्या खाडीतून निघत, इंग्रजांच्या दोन जहाजांमधून सरकत बेटावर जात, पहाटेच्या आत परतत. शिडावर चालणारं जड जहाज वाऱ्यावाचून जागचं हलत नाही. वल्ह्याच्या होडीला वाऱ्याची गरज नाही. उथळ पाण्यात, खडकांच्या अंगानं जाणाऱ्या होडीचा पाठलाग करायला जावं तर जहाज खडकावर बसतं. मुंबईहून वरिष्ठांकडे जाणाऱ्या पत्रांत ही तक्रार वारंवार येते. वेढा घालणारे रोज बेटाकडे पाहत आणि रोज बांध थोडा उंच झालेला दिसे.

खांदेरीला शिधा पोचवणं महाराजांच्या दृष्टीनं किती मोठं होतं, याला आधीचा एक दाखला आहे. जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग बांधला जात असताना प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यानं आरमाराला रसद आणि पैसा वेळेवर दिला नाही. त्याला महाराजांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. शब्दाशब्दांत संताप आहे, हबशांच्या चाकरांसारखं वागणाऱ्याला ब्राह्मण म्हणून सोडणार नाही, अशी ताकीद आहे. बेटावरचा किल्ला किनाऱ्यावरून येणाऱ्या धान्यावर आणि सरपणावर जगतो, हे महाराजांना त्यांच्या बहुतेक अंमलदारांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. खांदेरीच्या वेळी ती चूक कोणी केली नाही.

या सगळ्या काळात महाराज स्वतः समुद्राजवळ नव्हते. विजापूरवर मोगलांची स्वारी चालू होती. नोव्हेंबरात महाराज मोगलांच्या मुलखात शिरून जालना लुटत होते आणि परतीच्या वाटेवर मोगल फौजेनं त्यांना अडचणीत आणलं होतं. संभाजीराजे मोगल सरदार दिलेरखानाच्या गोटात गेलेले होते, ते त्या वर्षाच्या अखेरीस परत आले. घरात आणि रणात एवढा पेच असताना एका लहानशा बेटावरचं काम थांबलं नाही. उलट कल्याण-भिवंडीकडे फौज जमा झाल्याची बातमी मुंबईला पोचली आणि आता मुंबईवरच हल्ला होणार, या धास्तीनं शहर हादरलं. ठाण्याची वाट पोर्तुगीजांनी याही वेळी दिली नाही. पण धाक बसायचा तो बसलाच. मुंबईच्या रक्षणाला ठेवलेली माणसं आणि खांदेरीच्या वेढ्यावरची माणसं एकच होती. दोन्हीकडे पुरतील एवढे गोरे शिपाई कंपनीजवळ नव्हते आणि नवे मिळत नव्हते.

सुरतेच्या वरिष्ठांना खर्च दिसत होता. ऑक्टोबर संपायच्या आतच त्यांचा विचार पक्का झाला : मानानं बाहेर पडायचं. एकतर महाराजांशी मध्यस्थीनं तडजोड करावी, नाहीतर खांदेरीचं झेंगट सिद्दीच्या किंवा वसईच्या पोर्तुगीजांच्या गळ्यात टाकावं.

नोव्हेंबरच्या शेवटी सिद्दी कासम आपलं आरमार घेऊन आलाच. चौतीस जहाजं. त्यानं रोज खांदेरीवर तोफांचा भडिमार सुरू केला. वरवर पाहता मायनाक भंडारींची आता खैर नव्हती. पण ज्या दिवशी सिद्दी आला त्या दिवसापासून इंग्रजांना एक नवी चिंता लागली. सिद्दीनं बेट जिंकलं तर तो ते आपल्याला देणार नाही, स्वतःकडे ठेवणार. मग मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांऐवजी मोगलांचा सरदार बसेल. दोघांनाही मराठे तिथे नको होते आणि दोघांनाही दुसरा तिथे नको होता. अशा युतीतून वेढा यशस्वी होत नाही. इंग्रजांनी हळूहळू आपली जहाजं काढून घेतली. तीन-चार महिन्यांच्या तोफा, वादळं, उपासमारीची भीती, सगळं सोसून खांदेरी मराठ्यांकडे राहिली.

पुढची हकीगत आपल्याला तितकी सुखाची नाही, आणि ती वगळून खांदेरीचा इतिहास सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. सिद्दी मोकळ्या हातांनी परत गेला नाही. १६८० च्या जानेवारीत त्यानं शेजारच्या उंदेरीवर माणसं उतरवली आणि तिथे तोफा चढवल्या. मायनाकांनी खांदेरीवर जे केलं तेच त्यानं उंदेरीवर केलं. दौलतखानानं जानेवारीच्या अखेरीस उंदेरीवर हल्ला चढवला. चार तास लढाई झाली. मराठ्यांची गलबतं बुडाली, दोनशेच्या आसपास माणसं मारली गेली, खुद्द दौलतखान जबर जखमी झाला. उंदेरी हाती आली नाही. संभाजी महाराजांच्या काळातही ती घेण्याचा प्रयत्न फसला. एकमेकांच्या तोफांच्या टप्प्यात असलेली ही दोन बेटं त्यानंतर कित्येक वर्षं दोन शत्रूंकडे राहिली. थळहून जाणाऱ्या होडीत बसून दोन्ही तटबंद्या एकाच नजरेत दिसतात, तेव्हा मधल्या पाण्यात रोज जाळी टाकणाऱ्या कोळ्यांनी ती वर्षं कशी काढली असतील, हा विचार मनातून जात नाही.

१६८० च्या मार्चमध्ये इंग्रजांनी महाराजांशी तह केला. सिद्दीच्या आरमाराला पावसाळ्यात मुंबईत आसरा देणार नाही, दिलाच तर त्याला मराठी मुलखाला उपद्रव करू देणार नाही, असं कबूल केलं. खांदेरीवरचा हक्क त्यांनी सोडून दिला. महिन्याभरातच, ३ एप्रिल १६८० ला, रायगडावर महाराजांचं निधन झालं. आरमारासाठी त्यांनी केलेल्या शेवटच्या मोठ्या उद्योगांपैकी खांदेरी हा एक.

केग्विनविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. खांदेरीवर मराठ्यांशी प्राणपणानं लढलेल्या याच माणसानं १६८३ च्या डिसेंबरात मुंबईत कंपनीविरुद्धच बंड केलं, शहर ताब्यात घेतलं आणि इंग्लंडच्या राजाच्या नावानं वर्षभर कारभार चालवला. त्या काळात त्यानं संभाजी महाराजांशी तह केला. मराठ्यांचं बळ काय आहे हे वखारीत बसलेल्या कोणाहीपेक्षा त्याला जास्त कळलेलं होतं.

पुढे खांदेरी कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं महत्त्वाचं ठाणं झाली. १७१८ च्या नोव्हेंबरात मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून मोठं आरमार घेऊन तिच्यावर चालून आला आणि हात हलवत परत गेला. १६७९ मध्ये इंग्रजांजवळ माणसं आणि जहाजं अपुरी होती, अशी सबब देता येते. १७१८ मध्ये ती सबब नव्हती. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हाच खांदेरी इंग्रजांना मिळाली. १८६७ मध्ये त्यांनी तिथे दीपगृह उभारलं आणि ज्या बेटाची त्यांनी जवळपास दीडशे वर्षं भीती बाळगली त्याच बेटावरच्या उजेडात त्यांची जहाजं मुंबईत शिरू लागली. आज या बेटाला कान्होजी आंग्रे यांचं नाव दिलेलं आहे.

११ जुलै २०२५ ला पॅरिसमध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. रायगड, राजगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग ही नावं सगळ्यांना अपेक्षित होती. त्यांच्याबरोबर खांदेरीही आहे. आमच्या गोंदियात ती बातमी वाचून काही जणांना यादीतला प्रतापगड म्हणजे अर्जुनी मोरगाव तालुक्यातलाच, असं वाटलं. तो साताऱ्याकडचा. आमचा प्रतापगड यादीत नाही, पण तोही गड आहे आणि महाशिवरात्रीला तिथे लाखोंच्या संख्येनं माणसं चढून जातात. खांदेरीचं नाव मात्र इकडे फार थोड्यांनी ऐकलेलं होतं.

आपल्या शाळांमध्ये शिवकाळ म्हणजे घाट, कडे आणि घोडदळ. आरमाराला एक-दोन परिच्छेद, त्यांतही कान्होजींपर्यंत उडी. मायनाक भंडारी हे नाव ज्या पुस्तकात असायला हवं तिथे सहसा नसतं. एक किल्ला, सरदारकीचा वारसा नसलेल्या एका माणसानं आणि नावंही न उरलेल्या दीडशे जणांनी, दोन आरमारांच्या तोफांखाली, दगडावर दगड ठेवून उभा केला. स्वराज्याच्या उभारणीतल्या मोठ्या पराक्रमांत माझ्या लेखी खांदेरीचा क्रमांक फार वरचा आहे. विदर्भातल्या मुलांना हा पराक्रम सांगायला समुद्राची ओळख लागत नाही. धिवराच्या डोंग्यात बसलेलं, तलावाची पाळ फुटू नये म्हणून रात्री जागलेल्या आजोबांची गोष्ट ऐकलेलं पोर तो सहज समजून घेईल.

गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडच्या शिक्षकांना म्हणून माझी विनंती आहे : सहल काढताना एखाद्या वर्षी कोकणाकडे वळा आणि मुलांना थळला न्या. नोव्हेंबर ते मार्च हे महिने चांगले, पावसाळ्यात होड्या बंद असतात. खांदेरी मुंबई बंदराच्या ताब्यात आहे, उतरण्याच्या परवानगीची चौकशी आधीच करून ठेवा. भरती-ओहोटीच्या वेळा थळच्या कोळ्यांनाच विचारा आणि होडी त्यांचीच घ्या.